फुटपाथवरच्या मित्राची दारू सोडवून त्याला घरी पोचवावं का?

तुमच्या दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या काकांशी रोजच्या चहावर दोस्ती झाली. गिरणी बंद पडली, दारू लागली, बायकोवर हात उचलला, घर सुटलं, हे त्यांनीच सांगितलं. घरी पोचवायचं की नाही हे तुमच्या हातात नाही. ज्या बाईने मार खाल्लाय तिला आधी विचारा. ती नाही म्हणाली तर विषय संपला.

दारूबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. 'आधी दारू सोड, मग मदत करतो' या वाक्यावरून मी जवळच्या माणसांशी भांडलोय. आमच्या नाक्यावरच्या एकाला चार भल्या लोकांनी असंच खोलीत बसवलं. सकाळी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरूनही सांडत होता. दुसऱ्या दिवशी फिट आली. तिसऱ्या रात्री तो अंगावर नसलेले किडे झटकत राहिला आणि लोक म्हणाले, नाटकं करतोय.

ती नाटकं नव्हती. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवली की ६ ते १२ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम आणि ताप. यात माणूस जातो. म्हणून काकांना सकाळी पहिला घोट घेईपर्यंत कापरं भरत असेल, तर दारू भरती करूनच सोडवायची. मोठ्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत न्या. केसपेपर काढतानाच सांगा: काय पितात, रोज किती, शेवटची कधी घेतली, आधी फिट आली होती का. जेवण सुटलेलं असेल तर तेही सांगा. अशा माणसाच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व बहुधा फार कमी उरलेलं असतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. वॉर्डात सोबतचा माणूस मागतात, तिथे तुम्ही बसा. दोस्ती खरी तिथे लागते.

आधारची झेरॉक्स आणि केसपेपर तुमच्या गल्ल्यात ठेवा. फुटपाथ साफ करताना गाठोडं जातं, त्यात कागदही जातात.

एक राहिलं. काका भान हरपून भटकत असतील, तर गोष्ट वेगळी. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं पोलिसांचं काम आहे. कोठडीत ठेवता येत नाही. सल्ल्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे.