घरच्या कटिंग मशीनवर नाजूक नक्षी कापताना कागद फाटतो. आकाशकंदील आणि मराठी नावं नीट कापता यावीत म्हणून काय करावं?

मशीन बदलायचा विचार तूर्तास बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की घरी क्रिकट कंपनीचं एक्सप्लोअर हे कटिंग मशीन आहे, नक्षीचे कोपरे फाटतात, कापलेला कागद मॅटवरून, म्हणजे तो ज्या चिकट पत्र्यावर लावून मशीनमध्ये घालतो त्यावरून, काढताना गुंडाळला जातो, दिवाळीच्या आत एक कंदील करायचाय, भाचीच्या लग्नपत्रिकेसाठी नावं कापायची आहेत, तर त्याच कंपनीचं मोठं मशीन, मेकर, घ्यावं का? मेकरचा दाब ४ किलोपर्यंत जातो, एक्सप्लोअरचा ४०० ग्रॅमच्या आसपास. तो जादा दाब पातळ लाकूड, चामडं असल्या गोष्टींसाठी आहे. कार्डशीटला तुमचं मशीन पुरेसं आहे. मी घरी मुख्यतः कागदच कापते, आणि फाटण्याचं कारण बहुतेक वेळा कागदात, मॅटमध्ये नाहीतर मूळ चित्रात सापडतं.

आधी कागद पाहा. दुकानातून आणलेल्या कार्डशीटचा एक कोपरा हाताने फाडा. फाटलेल्या कडेला कापसासारखे लांब तंतू दिसले तर त्या कागदावर बारीक नक्षी नीट येणार नाही. ब्लेड ते तंतू कापण्याऐवजी ओढत नेतं. कड आखूड, स्वच्छ फाटली तर कागद कामाचा. आतला गरही बघून घ्या. वरून रंगीत आणि आत पांढरा असलेला कागद कापल्यावर प्रत्येक कडेला पांढरी रेघ दाखवतो, आणि कंदिलात दिवा लागला की ती जास्तच डोळ्यांत भरते. आरपार रंगीत कागद थोडा महाग पडतो, पण जाळीकामाला तोच घ्या. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद हातात घेऊन, फाडून बघून आणता येतो. ऑनलाइन मागवताना ते जमत नाही, म्हणून पहिल्यांदा तरी दुकानात जाच.

जाडीचं म्हणाल तर जाळीच्या नक्षीला १८० ते २२० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), कंदिलाच्या अंगाला २५० जीएसएम. साधा ८० जीएसएमचा झेरॉक्स पेपर फक्त चित्र तपासायला वापरा. पतंगाचा कागद मशीनवर घालू नका. तो ब्लेडबरोबर सरकतो, चुरगळतो, आणि त्याच्या शेपट्या घड्या घालून कात्रीने कितीतरी लवकर होतात. हातकागदाचा मोह पत्रिकेसाठी सगळ्यांनाच होतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून आहे आणि तिथला कागद हातात घेतला की खाली ठेववत नाही. पण सुती चिंध्यांच्या त्या कागदाचे तंतू लांब असतात. तो पत्रिकेचा तळ म्हणून वापरा, वर लावायची नक्षी दुसऱ्या कागदातून कापा.

आपल्याकडे या कामाची घाई गणपतीपासून दिवाळीपर्यंत असते, म्हणजे नेमकी पावसाळी हवेत. दमट हवेत कागद पाणी ओढून मऊ होतो आणि मऊ कागद कोपऱ्यांवर फाटतो. कोकणात, मुंबईत याचा त्रास जास्त. कागद उभे गुंडाळून ठेवू नका. आडवे, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि कापायच्या वेळीच बाहेर काढा.

आता मॅट. क्रिकटची हिरवी मॅट कार्डशीटसाठी आणि फिकट निळी पातळ कागदासाठी. हिरवी मॅट कोरी असताना फारच चिकट असते, तेव्हा तिच्यावर स्वच्छ सुती रुमाल दोनचार वेळा दाबून उचला. कागद लावल्यावर रबरी रोलरने किंवा हाताच्या तळव्याने मधून कडेकडे दाबत जा. जिथे हवा राहील तिथे ब्लेड कागद उचलणार. आणि गुंडाळण्याचं म्हणाल तर तुम्ही मॅटवरून कागद ओढताय. उलटं करा. मॅट टेबलावर पालथी घाला, म्हणजे कागद खाली येईल. मग मॅट वाकवत वाकवत कागदापासून सोडवा. कागद टेबलावर सपाट राहतो, वाकते ती मॅट. बारीक जाळी काढताना हा एवढा एक बदल केलात तरी निम्मी तक्रार मिटेल. मॅटवर कागदाची भुकटी साठून ती सैल झाली की कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि वाऱ्यावर सुकवा. पुष्कळसा चिकटपणा परत येतो.

ब्लेड कागदासाठी वेगळं ठेवा. चकाकीच्या, म्हणजे ग्लिटरच्या कागदावर चालवलेलं ब्लेड साध्या कागदाला लावू नका. टोकाशी तंतू अडकतात, त्यासाठी ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा करून ब्लेडचं टोक त्यात पंधरावीस वेळा खुपसा. आणि प्रत्येक नव्या कागदावर, अगदी त्याच रंगाचं नवं पाकीट फोडलं तरी, कोपऱ्यात एक सेंटिमीटरचा चौकोन व त्यात त्रिकोण कापून बघा. चौकोन सहज उचलला गेला पाहिजे, त्रिकोण जागेवर राहिला पाहिजे, आणि मॅटवर ब्लेडचा जेमतेम ओरखडा दिसला पाहिजे. मॅट खोल कापली जात असेल तर दाब जास्त आहे. कोपरे फाटत असतील तर दाब वाढवू नका. दाब कमी करून तीच रेघ दोनदा कापा. पहिल्यांदा कापून झालं की मॅट बाहेर न काढता कोपरा अलगद उचलून बघायचा. सुटत नसेल तर पुन्हा कापायचं बटण दाबायचं. मॅट एकदा बाहेर काढलीत की पुन्हा त्याच रेघेवर येणं विसरा.

चित्राकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. इंटरनेटवरचं चित्र उचलून आपोआप ट्रेस केलं, म्हणजे त्याच्या कापायच्या रेघा करून घेतल्या, की एका कोयरीच्या कडेला शेकडो बिंदू येतात. ब्लेड प्रत्येक बिंदूपाशी दिशा बदलतं, म्हणून कड खरखरीत येते. इंकस्केप हे रेघांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात रेघ निवडून पाथ मेन्यूतलं सिंप्लिफाय एकदोनदा चालवा, नाहीतर बिंदू हाताने पुसा. ब्लेड ओढलं जातं आणि वळताना स्वतःभोवती फिरतं, त्यामुळे अगदी टोकदार कोपऱ्यापेक्षा किंचित गोलावलेला कोपरा स्वच्छ निघतो. दोन छिद्रांमधली कागदाची पट्टी २०० जीएसएमला निदान दीड मिलिमीटर हवी, मी दोन ठेवते. या दृष्टीने ठिपक्यांच्या रांगोळ्या फार उपयोगी आहेत, कारण त्यांच्या रेघा एकमेकींना जोडलेल्याच असतात. रेघेला तीन मिलिमीटर जाडी दिली की जाळी तयार. वारलीची माणसं मात्र हातापायांशी तुटतात.

नावांबद्दल सविस्तर लिहिते, कारण देवनागरी कापण्याबद्दल फारशी माहिती मिळत नाही. नाव इंकस्केपमध्ये टाइप करा, तिथे जोडाक्षरं नीट येतात का बघा, मग अक्षरांचे पाथ, म्हणजे कापायच्या रेघा, करून युनियन करा, म्हणजे त्या जोडून एकच आकार करा. युनियन केलं नाही तर प्रत्येक अक्षराची शिरोरेखा वेगळी कापली जाईल आणि नावाचे तुकडे पडतील. ते केलं की शिरोरेखाच सगळं नाव धरून ठेवते. रोमन लिपीत ही सोय नाही.

पण शिरोरेखा सगळीकडे सलग नसते. ध, भ, थ यांच्या डोक्यावर डावीकडे ती तुटते. ‘साधना’ कापलंत तर ‘सा’ आणि ‘धना’ असे दोन तुकडे हातात येतील. ‘राधा’, ‘शोभा’, ‘माधव’, ‘प्रथमेश’ यांचंही तेच. अशा ठिकाणी ते अक्षर किंचित डावीकडे सरकवा, म्हणजे त्याचा वळसा आधीच्या अक्षराच्या उभ्या दांड्याला टेकेल, मग युनियन करा. तेवढ्याने अक्षराचं रूप बिघडत नाही. दुसरी अडचण अनुस्वाराची. ‘आनंद’, ‘नंदिनी’ यांतलं टिंब हवेत असतं आणि मॅटवर हरवतं. ते खाली ओढून शिरोरेखेत थोडं रुतवा. फॉन्ट जाड आणि सारख्या जाडीचा घ्या. मुंबईच्या एक टाइपचे बलू आणि मुक्ता हे फॉन्ट मोफत मिळतात. बलूच्या गोल कडा ब्लेडला फार मानवतात. बोरूच्या वळणाचे, कुठे जाड कुठे केसासारखे बारीक असे फॉन्ट छपाईत सुंदर दिसतात, पण पाच सेंटिमीटरपेक्षा लहान नावाला ते वापरू नका.

अक्षरं कागदातून कापून काढून भोकातून प्रकाश यायचा असेल तर गणित उलटं होतं. आता शिरोरेखा म्हणजे एक लांब चीर झाली, आणि अक्षरांमधला कागद खालूनच धरलेल्या जिभांसारखा लोंबतो. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला कागद तर गळूनच पडतो. म्हणून शिरोरेखेत दर दोन अक्षरांमागे दीडदोन मिलिमीटरचा पूल सोडा आणि ‘व’च्या पोटाला दोन बाजूंनी पूल द्या.

कंदिलासाठी मी तुम्हाला सहा चौकोन आणि आठ त्रिकोणांचा आकार सुचवते. सगळ्या बाजू सारख्या. या आकारात प्रत्येक कडेला एका बाजूने चौकोन आणि दुसऱ्या बाजूने त्रिकोणच येतो, त्यामुळे चिकटवायच्या पट्ट्या फक्त चौकोनांना द्यायच्या आणि त्रिकोण तसेच ठेवायचे. जोडणीत कुठली पट्टी कुठल्या पट्टीवर हा घोळच होत नाही. बाजू १२ सेंटिमीटरची घ्या, पट्टी एक सेंटिमीटरची. म्हणजे एक चौकोन १४ सेंटिमीटरचा झाला आणि १२ इंची मॅटवर बरोबर चार बसले. ते चार बाजूंचे चौकोन. उरलेले दोन वरचा आणि खालचा, त्यांची फक्त दोन सेंटिमीटर रुंद चौकट ठेवा, वरून दिवा सोडायला आणि खालून हात घालायला. तयार कंदील सुमारे १७ सेंटिमीटर उंच आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २४ सेंटिमीटर होतो. गॅलरीला हा पुरतो. मोठा हवा असेल तर चौकोन एकेक करून कापा.

घडीची रेघ स्कोअरिंग स्टायलसने, म्हणजे कागद न कापता खाच पाडणाऱ्या बोथट टोकाने, काढा. स्टायलस नसेल तर शाई संपलेलं बॉलपेन पोलादी पट्टीला लावून दाबून ओढा. घडीसाठी तुटक रेघ कापायची युक्ती पुष्कळ जण सांगतात, पण कंदिलात त्या भोकांतून प्रकाश फुटतो आणि सगळ्या कडा टाचणीने टोचल्यासारख्या दिसतात. रेघ दर्शनी बाजूने मारा आणि पट्ट्या मागे वळवा. खाच घडीच्या बाहेर राहिली की कागद तडकत नाही. कागदाचा धागा कुठल्या दिशेने आहे तेही बघा: शीट दोन्ही दिशांनी अलगद वाकवा, ज्या बाजूने सहज वाकेल ती धाग्याची दिशा. त्या दिशेची घडी सरळ येते, आडवी घडी आधी दोनदा रेघ मारून मगच मोडा.

जाळीच्या मागे ट्रेसिंग पेपर लावणार असाल तर फेविकॉल टाळा. पाण्याने ट्रेसिंग पेपरच्या लाटा होतात. बारीक दुहेरी टेप किंवा ग्लू स्टिक वापरा. जिलेटीन कागदालाही टेपच बरी. कार्डशीटच्या पट्ट्यांना मात्र फेविकॉलच हवा, ब्रशने अगदी पातळ, आणि वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे. आतली नक्षी आणि ट्रेसिंग पेपर हे सगळं सपाट असतानाच करून घ्या, जोडणी शेवटी. वरची चौकट दोन कार्डांची दुहेरी करा, कारण सगळं वजन तिच्यावर येतं, आणि दोरी चारही कोपऱ्यांतून घ्या. दिवा तीनपाच वॅटचा एलईडीच लावा. कागदाच्या कंदिलात जुना तारेचा बल्ब अजिबात नको. होल्डरची वायर दोरीला बांधा, कागदाला नाही.

पत्रिकांचं थोडक्यात सांगते. दोनशे पत्रिकांची सगळी दर्शनी बाजू घरच्या मशीनवर जाळीत कापायला जाऊ नका. एकेका जाळीला दहापंधरा मिनिटं लागतात आणि मॅट मध्येच सैल होते. एवढ्या संख्येला छापखान्यातून डाय, म्हणजे कापायचा साचा, करून घेतलेली स्वस्त पडते. घरी करायचं तर पत्रिकेभोवतीचा पट्टा आणि त्यावर दोघांची नावं एवढंच घ्या. १२ इंची शीटवर नावांचे पुष्कळ जोड एकदम बसतात. वधू आणि वर दोन्ही नावं मला लिहून कळवलीत तर त्यात कुठे तुकडे पडतील आणि कुठे टिंब जोडायला लागेल ते सांगते.