७० वॅटच्या एलईडी पथदिव्याचा ड्रायव्हर (मेन्सची वीज एलईडीला लागेल तशी बदलून देणारं सर्किट) सिंगल-स्टेज फ्लायबॅक पद्धतीचा आहे. त्याची कार्यक्षमता ८७ टक्क्यांच्या पुढे कशी न्यायची?

तुम्ही सिंगल-स्टेज फ्लायबॅक वापरला आहे, म्हणजे सगळं काम एकाच स्विचिंग टप्प्यात ट्रान्सफॉर्मरमधून होतं. त्यामुळे लीकेज इंडक्टन्समधली (ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे न पोहोचणारी) ऊर्जा स्नबरमध्ये, म्हणजे स्विचला झटक्यापासून वाचवणाऱ्या सर्किटात, जळणारच. कितीही घासलंत तरी तिथून आणखी एखाद-दोन टक्केच निघतील. बूस्ट पीएफसी (व्होल्टेज वाढवून पॉवर फॅक्टर सुधारणारा टप्पा) आणि त्यापुढे एलएलसी (कमी तोट्याचा रेझोनंट कन्व्हर्टर) असे दोन टप्पे करा, ९१-९२ टक्के मिळतात.

८७ टक्क्यांना ड्रायव्हरमध्ये साडेदहा वॅट उष्णता होते, ९२ ला सहा. दिवा वर्षाला साधारण ४००० तास जळतो, तेव्हा एका खांबामागे १७-१८ युनिटं वाचतात. पण माझ्या मते खरा फायदा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला होतो. १०५ अंशांना १०,००० तासांचा कपॅसिटर ९५ अंशांवर २०,००० तास चालतो, ८५ वर ४०,०००. म्हणजे दहा अंशांच्या फरकाने पाच वर्षांची दहा वर्षं होतात.

फ्लायबॅकमध्ये १०० हर्ट्‌झचा रिपल (व्होल्टेजमधला चढउतार) थेट एलईडीपर्यंत जातो, म्हणून आउटपुटला मोठे कपॅसिटर लागतात. दोन टप्प्यांत ४०० व्होल्टच्या बसवर, म्हणजे दोन टप्प्यांमधल्या डीसी जोडणीवर, ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो. तिथे सुमारे १३ व्होल्टचा रिपल राहतो आणि तो एलएलसी सहज गिळतो. एलईडीची माळ १०० व्होल्टच्या आसपास ठेवा. करंट ०.७ अँपिअर राहतो, डायोडचा तोटा एक टक्क्याच्या आत येतो आणि सिंक्रोनस रेक्टिफायरचा (डायोडच्या जागी मॉसफेट लावण्याचा) खर्च वाचतो.

आता जे डेटाशीटच्या नमुना सर्किटात सहसा नसतं ते. आपल्याकडे न्यूट्रल तुटतो. मग २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या वर येऊ शकतात, म्हणजे शिखराला जवळजवळ ६०० व्होल्ट. बूस्टमध्ये इनपुटपासून बस कपॅसिटरपर्यंत सरळ वाट असते, त्यामुळे स्विचिंग बंद केलं तरी ४५० व्होल्टचा कपॅसिटर फुटतो. तेव्हा इनपुट तोडणारं कट-ऑफ सर्किट हवंच. त्याच्या आधीचा एमओव्ही (व्होल्टेजचा झटका शोषणारा घटक) २७५ व्होल्टचा ठेवू नका, तो अशा वेळी जळतो. ५१० चा घ्या. मात्र त्याचा क्लॅम्पिंग व्होल्टेज (सर्ज, म्हणजे झटका, आला की तो जिथे रोखतो तो व्होल्टेज) हजाराच्या वर जातो, म्हणून पुढचे घटक तो सर्ज सोसतील असे निवडा. कट-ऑफमध्ये पाव टक्का गेला तरी तो जाऊ द्या. वाऱ्यापावसात फीडरवर एकदा न्यूट्रल गेला की त्यावरचे सगळे दिवे एका रात्रीत जातात, आणि मग आख्खा रस्ता अंधारात राहतो.

कार्यक्षमता टेबलावर मोजू नका. ड्रायव्हर दिव्याच्या बंद खोळीत बसवा, बस कपॅसिटरच्या अंगाला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा, तीन-चार तास चालू द्या आणि मग आकडे घ्या.