सहसंयुज बंध कमकुवत असतो, म्हणून त्या पदार्थांचा उत्कलनांक कमी असतो, असं मुलाच्या वहीत लिहिलंय. हे बरोबर आहे का? दहावीच्या मुलाला हा बंध कसा समजावू?

बरोबर नाही. सहसंयुज बंध म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉनची जोडी सामाईक ठेवून झालेला बंध, आणि उत्कलनांक म्हणजे पदार्थ उकळण्याचं तापमान. ते वाक्य आजच खोडा.

दादरच्या एका क्लासमध्ये मीही ते फळ्यावरून उतरवून घेतलं होतं. माझे बाबा तेव्हा ऑपेरा हाऊसला हिऱ्यांच्या एका ऑफिसात शिपाई होते. शेटजी पुडी उलगडतात, चिमट्याने एकेक खडा उचलून काचेतून बघतात, हे जेवताना सांगायचे. म्हणून मी उभी राहिले. "सर, हिऱ्यात कार्बनला कार्बन सहसंयुज बंधानेच जोडलेला ना? मग तो कमकुवत कसा?" सर म्हणाले, "बोर्डाला एवढं विचारत नाहीत. बस खाली." चाचणीत मी हिऱ्याचंच लिहिलं. दोन मार्क गेले. बाबांनी पेपर बघितला. "हिऱ्याला पैलू पाडायला हिऱ्याचीच पूड लागते, सांग तुझ्या सरांना." माझी हिंमत झाली नाही.

पाणी उकळतं तेव्हा ऑक्सिजन-हायड्रोजनमधला बंध तुटतच नाही. कुकरच्या शिट्टीतून पाण्याचे अख्खे रेणू बाहेर पडतात. बंध तुटत असते तर पेटत्या गॅसशेजारी हायड्रोजन जमून भडका उडाला असता. सुटते ती रेणूची शेजारच्या रेणूशी असलेली ओढ. 100 अंशाला एक मोल, म्हणजे साधारण 18 ग्रॅम, पाण्याची वाफ करायला साधारण 41 किलोज्यूल लागतात. त्याच पाण्यातले सगळे बंध तोडायचे तर 920 च्या वर. याला कमकुवत म्हणायचं?

आणि दोन मित्र डबा वाटून खातात, हे उदाहरण मुलाला देऊ नका. डबा वाटला की निम्मा याचा, निम्मा त्याचा. इथे इलेक्ट्रॉनच्या एकाच जोडीला दोन्ही अणूंची केंद्रकं आपल्याकडे ओढतात, आणि त्या ओढीमुळेच दोघं जवळ राहतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईसने 1916 साली ही जोडीची कल्पना मांडली. इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी आकृती काढताना दोन अणूंच्या मधल्या दोन ठिपक्यांवर मुलाला बोट ठेवायला लावा.

पेन्सिलीतलं ग्राफाइटही कार्बनच, पण ते थरांचं असतं. थर एकमेकांवरून घसरतात म्हणून कागदावर उमटतं. थरातला बंध तिथेही भक्कमच.

परीक्षेत 'आंतररेण्वीय बल क्षीण असते', म्हणजे रेणू-रेणूंमधली ओढ कमी असते, असं लिहायला सांगा. मार्क कापले तर तुम्ही स्वतः क्लासमध्ये जाऊन विचारा. माझे बाबा येऊ शकले नव्हते, त्यांना सातच्या आधी सुटी मिळायची नाही.