बिडेटची धार मंदावली असेल तर सीट बदलण्याआधी हे तपासा

दादा, तुमचं म्हणणं नीट वाचलं. दर्यापूरकडच्या गावी आईच्या गुडघ्यांसाठी कमोडवर बिना विजेची बिडेट सीट (शौचानंतर पाण्याची धार सोडून धुणारी) बसवली, तीन महिने धार बरी होती, आता पाणी नुसतं ओघळतं. प्लंबर म्हणतो नवी सीट घ्या, नाहीतर पाचशे लिटरची टाकी काढून हजार लिटरची बसवा. यातलं काहीच आत्ता करू नका.

मी मूर्तिजापूर तालुक्यातला. बाबांना उजव्या अंगाला लकवा झाला तेव्हा घरी अशीच सीट लावली. आपलं आपण स्वच्छ होता येणं ही त्या वयात फार मोठी गोष्ट असते, म्हणून धार कमी झाली की मला चैन पडत नाही. त्यानंतर नात्यागोत्यातल्या बऱ्याच घरी ही कामं मी स्वतः केली आहेत.

पहिली गोष्ट, टाकी मोठी केल्याने दाब वाढत नाही. दाब येतो तो फक्त उंचीचा. गवंडी पारदर्शक नळीने लेव्हल काढतो ते आठवा. नळी जाड घ्या की बारीक, पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर थांबतं. टाकीचंही तसंच. टाकीतल्या पाण्यापासून सीटच्या नोझलपर्यंत, म्हणजे धार सुटते त्या तोंडापर्यंत, १० मीटर उभं अंतर असेल तर साधारण १ बार (बार म्हणजे दाब मोजायचं माप) दाब मिळतो. आपल्याकडे एका मजल्याचं घर, टाकी थेट स्लॅबवर. टेप लावला तर अंतर भरतं कसंबसं १२ फूट, म्हणजे ०.३६ बारच्या आसपास. विजेच्या सीटना साधारण अर्धा बार तरी लागतो, त्यामुळे अशा घरात त्या पहिल्या दिवसापासून रडतात. तुमची बिना विजेची सीट एवढ्या दाबावर चालते, पण मग मध्ये कुठे जरा अडलं की लगेच धार बसते.

आणि तुमची तर तीन महिने चालली. टाकीची उंची तेव्हाही तीच होती, म्हणजे मध्ये काहीतरी तुंबलंय. कुठे, ते एका बादलीने कळतं. अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून सीटकडे पाणी सोडणारा छोटा नळ, बंद करा, सीटकडे जाणारी नळी कॉकपासून सोडा, कॉकच्या तोंडाखाली बादली धरून कॉक पूर्ण उघडा. १० लिटरची बादली मिनिटभरात भरली तर वरचा सगळा मार्ग साफ आहे आणि दोष कॉकच्या अलीकडे, सीटच्या बाजूला आहे. तीन-चार मिनिटं लागली तर दोष टाकीकडे.

माझा अंदाज सीटच्या बाजूचाच आहे, कारण तुम्ही बोअरचं पाणी टाकीत घेता आणि तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट. सीटला पाणी जिथे शिरतं तिथे नट खोलला की आत करंगळीच्या नखाएवढी जाळी दिसेल. बाबांच्या सीटची मी पहिल्यांदा काढली तेव्हा जाळी अशी ओळखूच येईना. वर चुन्यासारखा पांढरा थर, त्यात टाकीतलं शेवाळ आणि पाइप कापताना पडलेला प्लॅस्टिकचा कीस. उजेडाकडे धरली तर दोनच भोकं मोकळी. ग्लासभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व टाकून त्यात ती अर्धा तास ठेवली. लगेच बारीक बुडबुडे सुटायला लागले, क्षार विरघळत होता तो. मग जुन्या टूथब्रशने घासली. नोझलही तसंच करा. ते निघत नसेल तर छोट्या पिशवीत तेच पाणी भरून नोझलवर बांधून ठेवा. संडास धुवायचं ॲसिड मात्र चुकूनही लावू नका, पितळ आणि वरचा मुलामा दोन्ही खातं ते.

जाळी साफ असेल तर टी-जोडामधला (सीटची नळी जिथे फाटा घेते तिथला) रबरी वायसर बघा. प्लंबरने पान्याने जास्त आवळला की वायसर आत फुगतो आणि भोक निम्मं झाकतो. हाताने घट्ट, वर पाव फेरा पान्याचा, एवढंच पुरतं. नळीला पिळा पडलाय का तेही बघून घ्या.

बादली हळू भरली तर टाकीवर चढा. टाकीखालच्या गेट व्हॉल्व्हचं (पाणी बंद-चालू करायच्या कॉकचं) चाक फिरतं पण आतली पाती तुटून खाली बसलेली असते, हे मी दोनदा पाहिलंय. टाकीच्या तळाचा गाळही निघायच्या तोंडाशी साचतो. आणि वीज नसताना टाकी पूर्ण रिकामी झाली असेल, तर जशी विहिरीवरची मोटर हवा धरते तशी ही लाइनही धरते, विशेषतः पाइप कठड्यावरून वर जाऊन खाली उतरला असेल तर. टाकी भरून सगळ्यात खालचा नळ पाच-दहा मिनिटं पूर्ण सोडून ठेवा, फुसफुस करत हवा निघते.

हे सगळं करूनही धार कमी वाटली तर टाकी उचला. विटांचा किंवा लोखंडी अँगलचा चार फुटी ओटा भिंतीच्या डोक्यावर घ्या, स्लॅबच्या मधोमध नको. पाचशे लिटर म्हणजे पाण्याचंच वजन अर्धा टन. पंप मी शेवटी सांगेन, कारण वीज गेली की आईची अडचण तिथेच. घ्यायचाच तर प्रेशर स्विचचा, म्हणजे लाइनमधला दाब उतरला की सुरू होणारा घ्या. फ्लो स्विचवाला पाणी वाहू लागलं की सुरू होतो, त्याला बिडेटच्या बारीक धारेने बहुतेक वेळा जागच येत नाही. पंप टाकीनंतरच्या लाइनवर लावा, ग्रामपंचायतीच्या नळाला थेट नाही. तुम्ही ओढलेलं पाणी शेजाऱ्याच्या वाट्याचं असतं.

एक उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये स्लॅबवरच्या काळ्या पाइपातलं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं आणि ते सीटमधून सरळ अंगावर येतं. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते. पाइपाला गोणपाट गुंडाळा, आणि आई बसायच्या आधी जवळचा नळ अर्धा मिनिट सोडून द्या.

बादली किती वेळात भरली आणि टाकीपासून नोझलपर्यंत किती फूट भरले, एवढं कळवा. पुढचं मग बघू.