इंजिनाआधी एक हिवाळा

सप्रेम आशीर्वाद.

खासगी वैमानिकाच्या परवान्याला लागणाऱ्या किमान ४० तासांच्या उड्डाणाचा खर्च तू पत्रात मांडला आहेस आणि पैसे जमेपर्यंत काय करावे, असे हिरमुसून विचारले आहेस. तोवर ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेले विमान, शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते केवळ स्वस्त पडते म्हणून नव्हे.

ग्लायडरच्या कॅनॉपीवर, म्हणजे आसनावरच्या पारदर्शक झाकणावर, बाहेरून, अगदी डोळ्यांसमोर, चार बोटे लांबीचा लोकरीचा दोरा चिकटवलेला असतो. नाक वाऱ्याला सरळ असेल तर तो सरळ मागे पडून राहतो. वळताना पायांनी कुचराई केली की त्याचे मोकळे टोक एका बाजूला सरकते, आणि मग उलट बाजूचे पेडल दाबून त्याला मध्यावर आणावे लागते. इंजिनाच्या विमानात हेच काम काचेच्या नळीतली गोळी करते, पण ती इतर यंत्रांच्या गर्दीत बसलेली असल्याने शिकाऊ वैमानिक तिच्याकडे क्वचितच पाहतो. माझा दोरा पहिला महिनाभर वासराच्या शेपटीसारखा हलत होता. त्याने माझ्या पायांना जे शिकवले, ते पुढे कोणत्याही यंत्राने शिकवले नाही.

दुसरी गोष्ट विंचची. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला विंच, म्हणजे केबल ओढणारे यंत्र, ग्लायडरला जोडलेली केबल गुंडाळत जातो आणि ग्लायडर पतंगासारखा तीव्र कोनात चढतो. केबलच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश उंची हाती लागते. ही केबल मध्येच तुटू शकते, म्हणून तुटल्यावर काय करायचे हे एकट्याने उडण्याआधीच घोटून घेतात: आधी नाक खाली, मग वेग येईपर्यंत थांबणे, आणि त्यानंतरच समोर उतरायचे की वळायचे याचा निर्णय. माझी केबल पहिल्यांदा तुटली तेव्हा मी वेग न पाहताच वळायला निघालो होतो. मागच्या आसनावरून प्रशिक्षकांनी नियंत्रणाची काठी पुढे ढकलली आणि आम्ही समोरच्या गवतात मुकाट्याने उतरलो. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त वेग किती होता, एवढेच विचारले, आणि मला तो सांगता आला नाही.

हे छंदापुरते उपयोगी आहे, असे समजू नकोस. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ विमानात किलोग्रॅमच्या जागी पौंडांचा हिशेब झाल्याने निम्म्याहून कमी इंधन भरले गेले आणि सुमारे ४१,००० फुटांवर असताना इंजिने बंद पडू लागली. कॅप्टन बॉब पिअरसन यांनी ते विमान मॅनिटोबातील गिमली येथील जुन्या धावपट्टीवर आणले, परंतु उंची जास्त उरली होती. तेव्हा त्यांनी एका बाजूला कलवून आणि उलट पेडल दाबून, म्हणजे तो दोरा जाणीवपूर्वक आडवा जाऊ देऊन, ती उंची उतरवली. हे तंत्र त्यांच्या अंगात ग्लायडरमुळे होते. कोणाचाही जीव गेला नाही.

इंधनाचा नमुना काढून त्यात पाणी आहे का ते पाहणे, रेडिओवरचे बोलणे, कार्ब्युरेटरमध्ये साचणारा बर्फ यांतले काही ग्लायडर शिकवणार नाही. ते नंतर शिकता येईल. उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाण्याची मुभा मात्र ग्लायडरला नसते, त्यामुळे प्रत्येक उतरणे पहिल्यापासूनच नीट आखावे लागते. ही सवय आधी लागली तर बरी.

आपल्याकडे पावसाळा सरल्यावर सुरुवात कर. हिवाळ्यातल्या सकाळी हवा शांत असते. मार्चनंतर तापलेल्या माळावरून उठणारे थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर जाणारे झोत, जोरदार असतात, पण नवशिक्याला ते धसमुसळे वाटतात. पहिल्या दिवशी उड्डाण फार तर दहा मिनिटांचे मिळेल आणि उरलेला वेळ ग्लायडर ढकलण्यात व पंखाचे टोक धरून धावण्यात जाईल, म्हणून जाड तळाचे बूट घाल. टोपीही ने, पण पुढे लांब झडप आलेली नको. थर्मल हुडकण्यासाठी घारी कुठे घिरट्या घालत आहेत हे पाहायला मान वर केली की नेमकी ती आड येते.

तुझा,
काका