दीक्षाभूमीचा पांढरा स्तूप फोटोत मळकट येतो, लेन्स बदलू का?

लेन्सवर सध्या एक रुपयाही घालू नका. तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएम लेन्स घेऊन भर दुपारी नागपूरच्या दीक्षाभूमीला गेलात, मोड एपर्चर प्रायॉरिटी होता (म्हणजे लेन्सचं भोक, एपर्चर, तुम्ही ठरवता आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), आणि स्तूप राखाडी आला. माझंही पहिल्या वर्षी अगदी हेच झालं होतं. मी लेन्सलाच दोष दिला, ५० एमएम एफ/१.८ विकत घेतली, आणि स्तूप तितकाच राखाडी आला.

कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, स्तूप पांढरा आहे हे कळत नाही. वस्तूवरून परत आलेला उजेड तेवढा तो मोजतो, आणि समोर जे काही आहे ते सरासरीने मधल्या राखाडी छटेचं आहे असं धरून चालतो (१८ टक्के ग्रे म्हणतात तो हाच). फ्रेमभर पांढरा घुमट आला की मीटर म्हणतो उजेड फार झाला, आणि शटरचा वेग वाढवतो; उजेड कमी आत येतो आणि पांढरा घुमट राखाडी होतो. मारबतीच्या दिवशी, म्हणजे नागपुरात मोठाले पुतळे मिरवणुकीने निघतात त्या दिवशी, याच्या बरोबर उलटं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी मारबत जवळून टिपून बघा: पुतळा धुरकट राखाडी दिसेल आणि मागचं आभाळ पार पांढरंफटक. १८८१ पासून जी काळी म्हणून निघते, ती फोटोतही काळीच दिसायला हवी ना!

उपाय कॅमेऱ्यावरच आहे. अधिक-उणे चिन्हाचं बटण, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. स्तूपासाठी +१ करा, काळ्या मारबतीसाठी -१. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड; शटर १/१००० असेल तर +१ केल्यावर १/५०० होईल. मग हायलाइट वॉर्निंग (जास्त उजळलेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू करून फोटो स्क्रीनवर बघा. घुमटाचा भाग उघडझाप करायला लागला तर +०.७ वर या, कारण पांढऱ्यातला तपशील पूर्ण जळला की रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) परत मिळत नाही.

आता एक प्रयोग कराच. आभाळ निरभ्र असताना मॅन्युअल मोडवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एपर्चर एफ/१६, शटर १/१२५ लावा आणि मीटरच्या काट्याकडे बघूच नका. स्तूप पांढरा येईल, शेजारचं झाड हिरवं येईल, काळी छत्री काळी. जुने फोटोग्राफर फिल्मवर याच हिशेबाने काम करायचे. हा हिशेब वस्तूचा नाही, तिच्यावर पडणाऱ्या उन्हाचा आहे, आणि ऊन तर सगळ्यांवर सारखंच पडतं. मला एक्स्पोजर खऱ्या अर्थाने इथे समजलं. सावलीत किंवा ढगाळ दिवशी मात्र हे आकडे चालणार नाहीत.

चांगली लेन्स लागते ती अंधार पडल्यावर. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या रात्री माणसांचे चेहरे टिपायचे असतील तर तुमची लेन्स ५५ वर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), आणि एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. तेव्हा पैसे घाला, ते वसूल होतील.

पुन्हा जाल तेव्हा सकाळच्या तिरप्या उन्हात जा, घुमटाची गोलाई नीट उठून दिसते. फोटो टाकाल तर शटर, एपर्चर, आयएसओ तिन्ही आकडे लिहा, मी बघून सांगेन.