आधी माप, मग मत

चि.स आशीर्वाद.

मसुदा दोनदा वाचला. डॉक्टर विल्यम ओ'शॉनेसीला देवदूत म्हणायचं की ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, या पेचात तुझी पहिली चार पानं गेली आहेत. ती काढून टाक. त्याने काय मोजलं, तिथून सुरू कर.

आयर्लंडमधल्या लिमरिकचा हा मुलगा 1829 मध्ये एडिंबराला एम.डी. झाला. 1831 च्या अखेरीस इंग्लंडमधल्या सन्डरलंडला जाऊन त्याने कॉलराच्या रुग्णांचं रक्त तपासलं. पाणी घटलेलं, क्षार घटलेले, काहींच्या रक्तात मोकळा अल्कली औषधालाही नाही. मग जुलाबाचं पांढुरकं पाणी पाहिलं, तर हरवलेले क्षार तिथे. हा जमाखर्च जुळला म्हणून निष्कर्ष टिकला. बाकीचे तेव्हा रक्त काढत होते, कॅलोमेल हे पाऱ्याचं औषध पाजत होते. आणि तू या जमाखर्चाला एक ओळ देतेस! आधी माप, मग मत, हे किती वेळा सांगू?

'सलाईन त्यानेच दिलं' हे वाक्य खोड. त्याच्या मोजणीचा धागा धरून 1832 मध्ये शिरेतून ते दिलं एडिंबराजवळच्या लीथच्या डॉक्टर थॉमस लाटाने: सहा पाईंट पाण्यात दोन ते तीन ड्राम मीठ आणि दोन स्क्रुपल सोडा. हे आकडे ग्रॅममध्ये आण. ड्राम 60 ग्रेनचा, म्हणजे 3.9 ग्रॅम. स्क्रुपल 20 ग्रेनचा, म्हणजे 1.3. घसरशील ती पाईंटपाशी: इंपीरियल पाईंट 568 मिलिलिटरचा, औषधविक्रेत्यांचा जुना 473 चा. दोन्ही धरून गणित कर. मीठ लिटरला 2.3 ते 4.1 ग्रॅम येतं. आजच्या नॉर्मल सलाईनमध्ये 9 असतं. म्हणजे कुठलाही पाईंट धरला तरी द्रावण पातळच. लाटाची पहिली रुग्ण, एक म्हातारी, अर्ध्या तासात सहा पाईंट घेऊन सावरली. जुलाब पुन्हा लागले, द्रावण पुन्हा दिलं गेलं नाही, साडेपाच तासांत ती गेली. जितकं बाहेर जातं तितकं मोजून भरत राहायचं असतं. हे पान सावकाश लिही.

या हट्टापायी काही विद्यार्थी दुरावले, ठाऊक आहे. पण माझ्याच जुन्या लेखांतली विशेषणं आज मला वाचायला नकोशी वाटतात, म्हणून हट्ट सोडत नाही.

1833 मध्ये ओ'शॉनेसी कलकत्त्याला आला, पुढे मेडिकल कॉलेजात रसायन शिकवू लागला. 1839 चा भांगेवरचा निबंध नीट वाच. आधी प्राण्यांवर प्रयोग: मांसाहारी प्राण्यांना आणि माशांना नशा चढली, गवत खाणाऱ्यांवर परिणाम नगण्य. मग माणसं. रेबीजच्या रुग्णाला आराम पडला पण तो वाचला नाही, हेही त्याने नोंदवलं. तू ते का गाळलंस?

भारतात त्याने उभारलेलं तारायंत्र थोडक्यात आटप. बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई घेतली, कारण पक्षी आणि माकडं तिच्यावर बसली तरी ती तुटत नाही. 1855 पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडली गेली. 1857 चा उठाव दडपताना याच तारा इंग्रजांच्या कामी आल्या. तुझा 'नोकर' इथे येऊ दे, गुळमुळीत नको.

आणि 1861 मध्ये त्याने नाव बदलून ओ'शॉनेसी ब्रुक केलं. त्यानंतरचे कागद 'ब्रुक'खाली शोध, नाहीतर पुढची 28 वर्षं हातून निसटतील.

मापांचा तक्ता आधी पाठव. पानं नंतर.